राठोडमामांची फवारणी

आमच्या घराच्या दर्शनी भिंतीवर, दाराच्या उजव्या अंगाला, गेरूची अक्षरं असायची: 'भो. बु.' आणि त्याखाली तारीख. नवा पाहुणा आला की चपला काढता काढता त्याची नजर हमखास तिकडं जायची आणि पाण्याचा तांब्या हातात येण्याआधीच तो विचारायचा, हे काय आहे हो? मग मला सांगावं लागायचं की 'भो. बु.' म्हणजे 'भोक बुजवले'. कसलं भोक? तर ब्राउझरचं. एवढं ऐकल्यावर पाहुणा आधी छताकडं, मग भिंतींकडं आणि शेवटी माझ्याकडं बघायचा. वसमतसारख्या गावात शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माणसाकडं लोक तसेही जरा दयेनंच बघतात. त्यात ही भर.

ही अक्षरं काढायचे राठोडमामा. नात्यानं ते आमचे कुणी नव्हेत. परसराम राठोड, हिवताप खात्यातून निवृत्त झालेले फवारणी कर्मचारी. त्यांचा तांडा औंढ्याच्या वाटेवर. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे आणि मामा स्वतःच्या पाठीवर पंप लादून तालुकाभर फिरले. त्या घराण्याच्या पायालाच भिंगरी असावी. हट्टा गावापासून पार टोकाच्या वस्त्यांपर्यंत असं एक घर नव्हतं ज्याच्या माजघरापर्यंत मामा गेले नाहीत. फवारणी झाली की दाराशेजारी गेरूनं खूण आणि तारीख टाकायची, हा खात्याचा नियम. कुणाला ताप असेल तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं, हाही नियम. मामा निवृत्त झाले, पण हे नियम काही त्यांच्या अंगातून निवृत्त झाले नाहीत.

निवृत्तीनंतर माणसं देवदेव करतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. मामांना यातलं काही करण्यासारखं नव्हतं. बायको नोकरीत असतानाच गेली. मुलगी नांदेडला दिलेली, तिचा तिचा संसार. तांड्यावर भाऊ शेती बघायचा. मामा आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खोली घेऊन राहायचे. हळद बाजाराच्या मागची ही गल्ली. हंगामात इथल्या हवेलाही हळद लागलेली असते. त्या दिवसांत गावात संगणकाचे वर्ग नुकते सुरू झाले होते आणि पोरासोरांच्या त्या वर्गात पहिल्या बाकावर एके दिवशी मामा जाऊन बसले. शिकवणाऱ्यानं विचारलं, आजोबा, तुम्ही कुणाला सोडायला आलात? मामा म्हणाले, मी मला सोडायला आलो.

वर्ग संपला आणि मामांनी चक्क संगणक घेतला. टेलिफोनच्या तारेवरून येणारं नेटही घेतलं. ते नेट म्हणजे काय प्रकार होता हे आजच्या मुलांना सांगून पटायचं नाही. आधी ते किंचाळायचं, मग खरखरायचं, मग एखादं चित्र डोक्याकडून पायाकडं असं सावकाश उतरू लागायचं आणि पाय दिसायच्या आत कुणाचा तरी फोन यायचा आणि नेट तुटायचं. तरीही मामा खूश होते. औंढ्याच्या देवळाचा फोटो त्यांनी संगणकावर पाहिला, तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले होते आणि चित्र पूर्ण उतरेपर्यंत तसेच जोडून ठेवले होते.

पण ही खुशी फार टिकली नाही. एका सकाळी मामांच्या संगणकाला काय झालं कोण जाणे. एक खिडकी बंद केली की चार उघडायच्या. त्या चार बंद केल्या की त्यांच्या जागी आणखी. त्यातल्या काही खिडक्यांत ज्या बाया होत्या त्या बघून मामांनी पडद्यावर टॉवेल टाकला आणि ते थेट वर्गाच्या मास्तराकडं गेले. मास्तरानं येऊन पाहिलं आणि कपाळाला हात लावला. त्यानं सांगितलं की ब्राउझर, म्हणजे ज्याच्यातून आपण इंटरनेट बघतो तो प्रोग्राम, त्यात एक भोक होतं. त्या भोकातून हे सगळं आत आलं. मामांनी विचारलं, भोक आहे हे कंपनीला माहीत होतं का? मास्तर म्हणाला, माहीत होतं की. तिनं त्यावर पॅचसुद्धा काढला होता, ठिगळासारखा, फुकट. मग तो लावला का नाही? मास्तर म्हणाला, वसमतमध्ये कोण लावतंय काका.

हे वाक्य मामांच्या जिव्हारी लागलं. पुढं कित्येक महिने ते मला रस्त्यात थांबवून हीच कहाणी सांगायचे आणि शेवटी ठरलेलं बोलायचे.

"सर, डबकं माहीत. औषध तयार. अन् फवारणीच न्हाई. ह्याला काय म्हनावं?"

मी म्हणायचो, हलगर्जीपणा म्हणावं. मामांना तो शब्द पुरेसा वाटायचा नाही. ते मान हलवत निघून जायचे.

आणि मग त्यांनी चंग बांधला. आपल्या गल्लीत आणि आसपास ज्या ज्या घरात संगणक आहे, त्या प्रत्येक घरी फेरी सुरू करायची. त्या टेलिफोनच्या तारेवरून मोठाले पॅच उतरवायचे म्हणजे जन्म जायचा, म्हणून मामा एसटीनं नांदेडला जायचे. तिथल्या एका दुकानात सगळे पॅच सीडीवर उतरवून घ्यायचे आणि ती सीडी धुतलेल्या फडक्यात गुंडाळून छातीशी धरून परत यायचे. कंडक्टरनं एकदा विचारलं, बाबा, त्यात काय आहे? मामा म्हणाले, औषध. कंडक्टरनं त्यांना बसायला जागा करून दिली.

आमच्या गल्लीचा वार गुरुवार. दारात येऊन ते खणखणीत आवाजात ओरडायचे, "ब्राउझर!" पूर्वी जसं "हिवताप!" ओरडायचे तसंच. मग आत यायचे, खुर्चीत बसायचे आणि संगणक सुरू व्हायच्या आधी चौकशी करायचे. गेल्या आठवड्यात कुणाला ताप आला का? म्हणजे संगणक मंद झाला का? अंगावर काही उठलं का? म्हणजे नको त्या खिडक्या उघडल्या का? कुठं बाहेरगावी जाऊन आला का? म्हणजे आपण कोणकोणत्या साइटवर फिरलो. या शेवटच्या प्रश्नाला गल्लीतली भली भली माणसं अडखळायची. आमच्या शेजारच्या वकिलांनी आयुष्यभर कोर्टात साक्षीदारांना घाम फोडला, पण मामांनी हा प्रश्न विचारला की ते चष्मा पुसायला लागायचे. मामा कुणालाच रागवायचे नाहीत. एवढंच म्हणायचे, "लाजू नका साहेब. तापाला लाज नसते."

एकदा सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "लेकरं बाहेर काढा, पाण्याची भांडी झाका." माझी बायको सुलभा स्वयंपाकघरातून निमूटपणे आली आणि तिनं माठावर झाकण ठेवलं. मामांना आपली चूक कळली, ते ओशाळले. पण त्या दिवसापासून "ब्राउझर!" ऐकू आलं की सुलभा माठ झाकायची. मी हसलो तर म्हणायची, झाकलं तर बिघडलं काय?

काम झालं की मामा मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात साबणानं धुवायचे. फवारणीच्या हातानं काही खायचं-प्यायचं नाही, हा खात्याचा नियम. माउसला विष नसतं हे मी त्यांना सांगून पाहिलं. "ते तुमाला दिसत न्हाई म्हनून," असं म्हणून त्यांनी पुन्हा साबण लावला. हात धुतल्यावरच ते चहा घ्यायचे. चहा संपला की बाहेर जाऊन भिंतीवर गेरूचा साचा ठेवायचे आणि 'भो. बु.' उठवायचे. त्या साच्याचे पत्रे त्यांनी स्वतः कापले होते. आम्ही दिवाळीला भिंत रंगवली, तेव्हा सुलभानं त्यांना विनंती केली की मामा, आता वहीत लिहा. मामा गंभीर झाले. घरावरची खूण वहीत असून काय उपयोग, ताई, म्हणाले. घर रस्त्यावर आहे, वही पेटीत. तेव्हा नव्या रंगावरही 'भो. बु.' आलं.

या खुणेपायी एकदा मोठा घोळ झाला. पोलिओचा डोस पाजणाऱ्या बाई गल्लीत आल्या. त्यांचीही घरावर खडूनं खूण करायची पद्धत. त्यांनी गेरूची अक्षरं पाहिली आणि कुणी तरी आधीच येऊन गेलं असं समजून सगळी गल्ली ओलांडून त्या पुढं निघून गेल्या. मामांना हे कळताच ते चप्पल न घालता बाजारापर्यंत धावले आणि बाईंना परत घेऊन आले. घराघरांतली लेकरं स्वतः उचलून त्यांनी डोस पाजून घेतला. पण साचा काही बदलला नाही. फक्त खाली बारीक अक्षरांत 'पोलिओ नव्हे' अशी ओळ वाढवली.

हे सगळं ज्या भोकांवर औषध निघालेलं असायचं त्यांचं. पण कधी कधी असं व्हायचं की भोक सापडलेलं असायचं आणि पॅच अजून आलेला नसायचा. बातमी कुठून लागायची कोण जाणे, पण मामांना लागायची. अशा दिवशी ते घरोघर जाऊन एकच निरोप सांगायचे: "भोक उघडं हाये. औषध यायचंय. जपून रहा." आणि ब्राउझरची सुरक्षा सगळ्यात वरच्या पायरीला नेऊन ठेवायचे. त्यात जे जे हलतं-डुलतं ते सगळं बंद पडायचं. अर्ध्या साइट उघडायच्याच नाहीत. आडतीवाले शेठजी हळदीचे सांगलीचे भाव नेटवर बघायचे, त्यांना एकदा दोन दिवस भावच दिसले नाहीत. शेठजींनी फोन करून सांगलीहून भाव घेतला आणि मामांना बोलावून विचारलं की हे असं किती दिवस चालायचं. मामा म्हणाले, कंपनीला विचारा. शेठजी हसले. त्यांच्या पेढीवर एवढ्या शांतपणे त्यांना कुणी उलट उत्तर दिलं नव्हतं.

नेमका अशाच एका काळात बारावीचा निकाल लागला. निकाल नेटवर बघायची टूम तेव्हा नवीन होती. वकिलांच्या मुलीनं संगणक लावला तर निकालाचं पान कोरं. ती आमच्याकडं पळत आली. आमच्याकडंही कोरं. गल्लीतल्या सगळ्या संगणकांवर कोरं, कारण सगळीकडं मामांचा हात फिरलेला. पोरगी रडायला लागली, तिला वाटलं आपला नंबरच निकालात नाही. तिची आई देवासमोर जाऊन बसली. वकील धोतर सावरत मामांच्या खोलीकडं निघाले तेव्हा मला वाटलं, आता मामांची काही खैर नाही.

मामा आले. पोरीचा चेहरा पाहून त्यांचाच चेहरा पडला. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. त्यांनी तोडगा काढला. ते भोक उघडतील, पण एका हातानं टेलिफोनची तार धरून उभे राहतील. पोरीनं नंबर टाकायचा, निकाल बघायचा, की लगेच तार ओढली. इकडं तिकडं बघायचं नाही. मग एकेक मूल आलं, मामांनी तार धरली, निकाल उमटला, तार ओढली. वकिलांची मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली. तिनं आनंदानं उडी मारली, तेव्हा मामांनी आधी तार ओढली आणि मगच तिच्या डोक्यावर हात ठेवला. गल्लीत पेढे वाटले गेले आणि मामांनी आधी साबण मागितला.

तुम्ही म्हणाल, एवढा जाच गल्ली सोसत का होती? मीही कधी कधी सुलभाला हेच विचारायचो. खरं सांगायचं तर मामा आले की घराला बरं वाटायचं. ते कुणाच्या आजारपणाची आठवण ठेवायचे, कुणाचं पोरगं कोणत्या परीक्षेला बसलंय ते ठेवायचे. शेठजींच्या आईला ऐकू यायचं नाही, तर तिच्या शेजारी बसून तिला ब्राउझर म्हणजे काय ते ओरडून सांगायचे. तिला शेवटपर्यंत तो कुठला तरी भाचा आहे असंच वाटत होतं. पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायची. मामा कधी उगाच आले नाहीत. सणाला बोलावलं तर म्हणायचे, बघतो. आणि यायचे नाहीत. गुरुवारी मात्र ऊन असो, पाऊस असो, दारात आवाज यायचाच.

मग काळ बदलला. गावात ब्रॉडबँड आलं. आम्ही नवा संगणक घेतला, शेठजींनी घेतला, वकिलांनी घेतला. या नव्या यंत्रांत सोय होती की पॅच आले की ते आपोआप उतरायचे आणि आपोआप बसायचे. कुणाला नांदेडला जायला नको, सीडी नको, काही नको. नवा संगणक लावून देणाऱ्या मुलानं ती सोय सुरू करून दिली आणि सांगितलं, आता तुम्हाला बघायची गरज नाही.

त्या गुरुवारी मामा आले. चौकशी झाली, सीडी घातली. संगणकानं सांगितलं की सगळं आधीच बसलेलं आहे. मामांनी पुन्हा तपासलं. मग म्हणाले, "चांगलं झालं." आणखी एकदा म्हणाले, "लई चांगलं झालं." उठले, हात धुतले, चहा अर्धा ठेवला आणि भिंतीवर तारीख न टाकता निघून गेले. शेजारी वकिलांकडंही तेच झालं असणार. मी गच्चीवरून पाहिलं, ते गल्लीच्या तोंडाशी थोडा वेळ उभे राहिले आणि मग खोलीत गेले. मला फार वाईट वाटलं. ज्या गोष्टीसाठी हा माणूस इतकी वर्षं धडपडला ती झाली होती आणि त्यातच त्याची फेरी गेली होती.

सुलभानं संध्याकाळी ती आपोआपची सोय बंद केली. मला विचारलं नाही, सांगितलं. म्हणाली, मामा पुढच्या गुरुवारी येतील, त्यांना काम दिसायला पाहिजे. मग ती शेजारी वकिलांच्या घरी गेली. तिथून ही बातमी शेठजींच्या घरी गेली. आमच्या गल्लीत पाण्याच्या नळावरून कधी एकमत झालं नाही, पण यावर झालं. सगळ्या घरांत ती सोय बंद झाली. पुढच्या गुरुवारी मामा आले, त्यांनी पाहिलं, भोक उघडं. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड आला की मी तोंड फिरवून घेतलं. म्हणाले, यंत्राचा भरवसा न्हाई सर, मानसाचा हात पाहिजे. आणि फेरी पूर्ववत सुरू झाली.

हे असं बराच काळ चाललं असतं, पण त्या वर्षी चिकुनगुन्याची साथ आली. घरोघरी माणसं सांधे धरून बसली. त्यातून मामाही सुटले नाहीत. सारी नोकरी ज्या डासांमागं घालवली त्यांनीच त्यांना गाठलं. लोक थट्टा करायचे, मामाही करायचे, पण त्यांना उठता येत नव्हतं. सुलभा त्यांना डबा पाठवायची. त्यांची मुलगी आली, थोडे दिवस राहिली, गेली. अंथरुणावरूनही मामा विचारायचे, सर, गल्लीत ताप नाही ना? मी म्हणायचो, नाही.

पण ताप आला. शेठजींच्या संगणकात शिरला. त्या काळात एक नवं भोक निघालं होतं आणि त्यावर पॅचही आला होता. आपोआपची सोय सुरू असती तर तो बसला असता. सोय बंद होती आणि मामा अंथरुणावर होते. एका सकाळी सांगलीच्या, निजामाबादच्या, इरोडच्या सगळ्या हळद व्यापाऱ्यांना शेठजींच्या नावानं ईमेलवरून इंग्रजीतली पत्रं गेली. त्यात शेठजी त्यांना पुरुषांच्या ताकदीची औषधं स्वस्तात देऊ करत होते. सांगलीच्या एका जुन्या व्यापाऱ्यानं फोन करून काळजीनं विचारलं की शेठ, धंदा बरा चालला आहे ना? शेठजी तीन पिढ्यांचा मान सांभाळून होते. ते दिवसभर पेढीवर आले नाहीत.

मामांना हे कळलं आणि ते काठी घेऊन उठले. कुणाचं ऐकलं नाही. शेठजींच्या संगणकासमोर बसले. बोटांचे सांधे सुजलेले, माउस नीट धरता येत नव्हता, तरी तो दोन्ही हातांनी धरून त्यांनी संगणक साफ केला. मग सोय पाहिली. बंद. त्यांनी शेठजींना विचारलं की आपोआपवालं बंद कुणी केलं. शेठजींनी चोपडीत डोकं घातलं. मामा तिथून वकिलांकडं गेले, तिथंही बंद. त्यांनी ती सुरू केली. पुढच्या घरी, त्याच्या पुढच्या घरी. प्रत्येक ठिकाणी बंद होती आणि प्रत्येक ठिकाणी त्यांनी ती सुरू केली. आमचं घर सगळ्यात शेवटी होतं.

ते आले तेव्हा ओरडले नाहीत. खुर्चीत बसले, संगणक लावला आणि ती बंद सोय पडद्यावर उघडी ठेवून सुलभाकडं वळले.

"ताई, हे माझ्यासाठी उघडं ठेवलं व्हय?"

मामांचा आवाज रागाचा नव्हता.

"फवारनीवाला यावा म्हनून कुनी दारात डबकं साठवून ठेवतं का? शेठजीची अब्रू गेली. उद्या तुमच्या लेकराबाळांचं काही झालं असतं, तर म्या कुठं तोंड दाखवलं असतं?"

सुलभा म्हणाली, "सोय सुरू केली तर तुम्ही यायचे बंद झाले असते, मामा."

मामा पडद्याकडं वळले. मग त्यांनी दोन्ही हातांनी माउस धरला आणि आमची सोय सुरू केली. गल्लीतलं शेवटचं घर झालं. ते म्हणाले, आता हे रोज आपोआप तपासेल. मी नाही आलो तरी तपासेल. मी मेलो तरी तपासेल. असंच पाहिजे होतं. मला वाटलं, आता ते हात धुवायला उठतील, पण ते बसूनच राहिले. मग सुलभानं विचारलं की काम नसताना यायला काय हरकत आहे. त्यावर ते जे बोलले ते मी आजवर विसरलो नाही.

"बिनकामाचं कुनाच्या घरी कसं जावं, मला येतच न्हाई, ताई. सारी नोकरी दुसऱ्याच्या दारात गेली, पर पाठीवर पंप होता. कुठं लग्नाला, बारशाला जायचं तर बायको न्यायची. बोलायची तीच. म्या निसता तिच्या मागं बसायचो. ती गेली, तवापासून मला दार वाजवायचं निमित्त लागतं."

एवढं बोलून ते काठी टेकत उठले. चहा घेतला नाही. सुलभानं थांबवलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही.

पुढचा गुरुवार आला. मी शाळेतून येऊन पेपर चाळत होतो. सुलभा भाजी निवडत होती, पण तिचं लक्ष दाराकडं होतं. उन्हं कलली तरी कुणी आलं नाही. मी म्हटलं, नाही येणार ते. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मग दारात सावली पडली. मामा उभे होते. धुतलेलं धोतर, धुतलेला सदरा, हातात काठीशिवाय काही नाही. उंबऱ्याच्या बाहेरच थांबले होते, परीक्षेला उशिरा आलेला मुलगा थांबतो तसे. शेवटी म्हणाले, "काम न्हाई काही. आलो."

सुलभा म्हणाली, बसा. मामा बसले, खुर्चीच्या अगदी कडेवर. संगणक समोरच होता, पण त्यांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. मी शाळेचं काही तरी सांगितलं, त्यांनी मान हलवली. त्यांनी भाजीचं विचारलं, सुलभानं सांगितलं. मग बोलणं संपलं. मामा दोनदा उठायच्या बेतात आले आणि दोनदा परत बसले.

मग त्यांनी सुलभाला अगदी हळू आवाजात विचारलं, "ताई, बिनकामाचं आलं तर किती वेळ बसायचं असतंय?"

सुलभा भाजी घेऊन आत जाता जाता म्हणाली, "जेवण होईपर्यंत."

मामांनी जरा विचार केला. मग ते उठले, दारापर्यंत गेले, उंबऱ्याबाहेर काढलेल्या आपल्या चपला उचलून त्यांनी आत भिंतीशी नीट लावून ठेवल्या आणि परत येऊन खुर्चीला पाठ टेकून बसले.